ग्रॅड प्लस बंद होतंय, मग मास्टर्सची उरलेली रक्कम कुठून आणायची?

टीपकागद
भाचीला ऑगस्ट २०२६ पासून पब्लिक हेल्थच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. ती अमेरिकन नागरिक आहे. विद्यापीठाने वर्षाचा एकूण खर्च ७१,००० डॉलर धरलाय, १२,००० ची स्कॉलरशिप दिली आहे आणि फेडरल कर्जाच्या रकान्यात फक्त २०,५०० लिहिलंय. म्हणजे वर्षाला ३८,५०० चं भगदाड. आधी शिकून गेलेली मुलं सांगतात, 'ग्रॅड प्लस घ्या, हवं तेवढं मिळतं.' फायनान्शियल एड ऑफिस म्हणतं, आता मिळत नाही. नक्की काय बदललं? ही तूट लोक कशी भरतात? आणि फाफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरताना आईवडिलांचं उत्पन्न दाखवावं लागतं का? ताई-भाऊजी धास्तावलेत.

हिशेबनीस
ऑफिसचं बरोबर आहे. २००६ पासून ग्रॅड प्लस होतं, त्यात विद्यापीठाने धरलेल्या खर्चातून बाकीची मदत वजा करून उरेल तेवढं सगळं कर्ज मिळायचं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद केलं. उरलं ते एकच, डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड, म्हणजे शिकत असतानाही व्याज चढत राहणारं सरकारी कर्ज. मास्टर्स आणि पीएचडीला वर्षाला २०,५००, एकूण १,००,०००. 'प्रोफेशनल' पदवीला वर्षाला ५०,०००, एकूण २,००,०००. बॅचलर्सपासूनचं सगळं धरून आयुष्यभराची मर्यादा २,५७,५००, आणि यात फेडलेलं कर्जही मोजलं जातं. फेडून जागा मोकळी होत नाही.

वर्षाची २०,५०० ही मर्यादा जुनीच आहे. फक्त तिच्यावरचं प्लसचं छप्पर गेलं.

आईवडिलांचं उत्पन्न लागत नाही. ग्रॅड विद्यार्थी फाफ्सात आपोआप स्वतंत्र धरला जातो. या कर्जाला क्रेडिट स्कोअर नको, जामीनदार नको, गरज सिद्ध करणं नको. अपवाद एकच, मेडिकल, डेंटल वगैरे कॉलेजांमार्फत जी आरोग्य-शिक्षणाची कर्जं मिळतात, त्यांतल्या काहींना पालकांची माहिती लागते. पब्लिक हेल्थला तो प्रश्न नाही.

उंटावरचा
म्हणजे सरकार म्हणतं, शिका, पण बेताने शिका.

सदाफुली
फाफ्सा भरताना हमखास चुकणारी जागा सांगते. 'येत्या शैक्षणिक वर्षात तुमचं वर्ष कोणतं' या प्रश्नाला पदवीधर, म्हणजे मास्टर्स-डॉक्टरेटचा पर्याय निवडायचा. घाईत 'पहिलं वर्ष' निवडलं की फॉर्म मुलीला पालकांवर अवलंबून समजतो, पालकांना आमंत्रण पाठवायला लावतो आणि लोक आठवडाभर 'पण ग्रॅडला तर लागत नाही ना?' म्हणत बसतात. मागे जाऊन तो एक प्रश्न दुरुस्त केला की पालकांचा विभाग गायब होतो.

दुसरी अडचण खास आपली, नावाची. सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं, पासपोर्टवर कधी ते पहिल्या नावाला जोडून येतं, विद्यापीठाच्या अर्जात नसतंच. स्टुडंटएड डॉट गव्हवर खातं उघडताना नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून पाहतात. कार्डावर आहे तसंच्या तसं भरायचं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधी सोशल सिक्युरिटीत बदला, मग फाफ्सा.

पाटीपेन्सिल
+१. यात अजून एक. आईवडील नागरिक झाले तेव्हा मूल अठराच्या आतलं, ग्रीनकार्डधारक आणि त्यांच्याजवळ राहणारं असेल, तर तेही आपोआप नागरिक होतं. पासपोर्ट काढला जातो, पण सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत ते मूल परदेशी नागरिकच राहतं, कारण तिथे कोणी कळवलेलंच नसतं. मग फाफ्साची नागरिकत्वाची पडताळणी अडकते. पासपोर्ट घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नोंद बदलून घ्या, शिवाय एड ऑफिसलाही कागद दाखवा. हे जुलैत करत बसलात तर ऑगस्टचं बिल आधी येतं आणि कर्ज मागून.

ग्रीनकार्डवाल्यांनी ए-नंबरचे नऊ आकडे कार्डावरून बघून टाकावेत. त्यांची पडताळणी होमलँड सिक्युरिटीच्या सेव्ह नावाच्या यंत्रणेतून होते.

उंटावरचा
सेव्ह ही तर कर्जफेडीची योजना होती ना? कोर्टात अडकलेली?

पाटीपेन्सिल
ती वेगळी सेव्ह, ही वेगळी. बारशाला दुसरं नाव सुचलं नाही कोणाला.

कोकमसरबत
मुलगा एफ-१ विद्यार्थी व्हिसावर येतोय. त्याला हे २०,५०० मिळतील का?

हिशेबनीस
नाही. नागरिक, ग्रीनकार्डधारक, शरणार्थी अशा मोजक्याच गटांना मिळतं. एफ-१, जे-१, एच-१बी, एच-४ यांपैकी कोणालाही नाही. अगदी दुसरीपासून इथे शिकलेलं एच-४ वरचं मूल असलं तरी नाही. मधेच ग्रीनकार्ड आलं तर त्या वर्षीचा फाफ्सा लगेच भरता येतो, पुढच्या वर्षासाठी थांबायचं कारण नाही.

एफ-१ साठी भारतातलं बँक कर्ज हाच मुख्य रस्ता. दोन गोष्टी बघा. कर्जाच्या पैशातून फी परदेशी पाठवली तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो आगाऊ कर) लागत नाही, स्वतःच्या बचतीतून पाठवली तर दहा लाखांवर लागतो. आणि शैक्षणिक कर्जावरची, आयकराच्या ८०ई कलमाची वजावट फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षं, तीही जुनी करपद्धत निवडली तरच. नव्या पद्धतीत नाही. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

थालीपीठ
टीपकागद, एवढं डोकं कशाला लावताय? पालकांनी पेरेंट प्लस घ्यायचं. सगळे तेच करतात.

हिशेबनीस
पेरेंट प्लस फक्त बॅचलर्स करणाऱ्या, पालकांवर अवलंबून असलेल्या मुलांसाठी आहे. ग्रॅडला कधीच नव्हतं. आणि १ जुलै २०२६ पासून त्यालाही वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी वेसण आहे.

रानमेवा
एक पळवाट ऐकली आहे. ३० जून २०२६ पूर्वी त्या अभ्यासक्रमात नाव नोंदवलेलं असेल आणि त्याच अभ्यासक्रमासाठी एखादं फेडरल कर्ज उचललेलं असेल, तर जुने नियम चालू राहतात म्हणे. मग जूनच्या समर टर्ममध्येच दोन विषय घ्यायचे की!

हिशेबनीस
सवलत खरी आहे, पण ती आधीपासून शिकणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही अटी लागतात, ३० जूनला त्या अभ्यासक्रमात नोंदणी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी १ जुलैच्या आधी मिळालेलं डायरेक्ट कर्ज. सवलत टिकते ती तीन शैक्षणिक वर्षं किंवा अभ्यासक्रम संपायला उरलेला काळ, यांतलं जे कमी असेल तेवढी. विद्यापीठ किंवा अभ्यासक्रम बदलला की संपली.

फॉलच्या तुकडीत प्रवेश मिळालेल्या मुलीने जूनमध्ये सुटा विद्यार्थी म्हणून दोन विषय घेतले तर ती 'त्या अभ्यासक्रमात' धरली जात नाही, आणि सुट्या विषयांना ग्रॅडचं कर्जही मिळत नाही. अभ्यासक्रमच खरोखर जूनला सुरू होत असेल आणि निदान अर्धवेळ नोंदणी असेल तरच मेळ बसतो. टीपकागद यांच्या भाचीचं ऑगस्टला सुरू होतंय, विषय संपला.

शिवाय प्लस स्वस्त नव्हतंच. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, वर ४.२२८ टक्के सुरुवातीची फी कापून पैसे हातात. हातात ३८,५०० यायला हवे असतील तर सुमारे ४०,२०० चं कर्ज काढावं लागलं असतं. १,७०० डॉलर पहिल्याच दिवशी गेले.

जुनंखोड
ज्यांची मुलं आत्ता पहिल्या वर्षाला आहेत आणि आतापर्यंत घरच्या पैशावर भागवलं, त्यांनी वरची दुसरी अट नीट वाचा. आतापर्यंत कर्ज घेतलंच नसेल तर जुन्या नियमांचा हक्क नाही. पुढच्या वर्षी प्लस लागेल असं वाटत असेल तर चालू टर्मसाठी, ती संपायच्या आत, थोडंसं अनसब्सिडाइज्ड उचलून ठेवणं हा एड ऑफिसला आजच विचारायचा प्रश्न आहे.

सदाफुली
पब्लिक हेल्थ 'प्रोफेशनल' मध्ये बसत नाही का? नर्सिंगवरून एवढा गदारोळ झाला तो याच यादीवरून ना?

पाटीपेन्सिल
त्याच यादीवरून. कायद्याने जुन्या नियमातल्या व्याख्येकडे बोट दाखवलं. तिथे उदाहरणादाखल दहा पदव्या आहेत. फार्मसी, डेंटल, पशुवैद्यक, कायरोप्रॅक्टिक, कायदा, मेडिसिन, ऑप्टोमेट्री, ऑस्टिओपॅथी, पोडिअ‍ॅट्री आणि धर्मशास्त्र. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीत सहमती झाली तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीची भर पडली. नर्सिंग, फिजिकल थेरपी, फिजिशियन असिस्टंट, सोशल वर्क, पब्लिक हेल्थ, आर्किटेक्चर बाहेर राहिले. इथे 'प्रोफेशनल' चा अर्थ कर्जमर्यादेपुरताच. लायसन्स किंवा नोकरीशी त्याचा संबंध नाही.

थालीपीठ
धर्मशास्त्र आत आणि नर्सिंग बाहेर. म्हणजे आजारी पडलात तर प्रार्थनेची सोय आहे.

कोकमसरबत
थालीपीठ, अनुमोदन.

अडाणी_आकडेमोड
टीपकागद, त्या ७१,००० ची फोड टाका आधी. खर्चाचा आकडा हा अंदाज असतो, बिल नसतं. त्यातलं विद्यापीठाला किती द्यायचंय आणि घरभाडं-किराणा किती, हे कळल्याशिवाय ३८,५०० ला काही अर्थ नाही.

टीपकागद
घ्या. ट्यूशन ४१,६००. फी १,९००. आरोग्य विमा ३,९००. राहणं-खाणं १९,२००. पुस्तकं, प्रवास, किरकोळ ४,४००.

अडाणी_आकडेमोड
छान. आता एकेक बघू.

विमा. भाची २६ च्या आत असेल आणि आईवडिलांच्या नोकरीचा विमा तिला लागू असेल तर विद्यापीठाचा विमा नाकारता येतो. त्यासाठी वेव्हरचा ऑनलाइन फॉर्म असतो आणि त्याची मुदत टर्म सुरू झाल्यावर लगेच संपते. ती चुकली की ३,९०० बिलात पक्के. आईवडिलांचा विमा दुसऱ्या राज्यातला असेल तर विद्यापीठाच्या गावात त्याचे डॉक्टर आहेत का ते आधी बघा. एचएमओ (ठराविक भागातल्या ठराविक डॉक्टरांपुरता विमा) असेल तर बहुधा नसतात, आणि विद्यापीठ वेव्हर नाकारू शकतं.

विमा गेला की विद्यापीठाचं खरं बिल ४१,६०० + १,९०० = ४३,५००. स्कॉलरशिप वजा, ३१,५००. फेडरल कर्ज २०,५०० असलं तरी हातात तेवढं येत नाही. १.०५७ टक्के फी कापून २०,२८३ येतात, तेही दोन हप्त्यांत, ऑगस्ट आणि जानेवारीत सुमारे १०,१४२ प्रत्येकी. म्हणजे विद्यापीठाला द्यायची वर्षाची तूट ११,२०० च्या आसपास. विद्यापीठाच्या हप्त्यांच्या योजनेत टाकलीत तर टर्मला ५,६०० आणि चार हप्ते केले तर प्रत्येकी १,४००. या योजनेला व्याज नसतं, थोडी नोंदणी फी असते. आईवडील नोकरीत असतील तर हे जमण्यासारखं आहे.

उरलं राहणं-खाणं-किरकोळ, २३,६००. इथे अंदाज आणि प्रत्यक्ष यांत सगळ्यात जास्त फरक पडतो. तिघींत मिळून भाड्याचं घर आणि घरचा डबा, तर यातले पाच-सहा हजार सहज वाचतात. जागा न्यूयॉर्क-बॉस्टनची असेल तर हे विसरा.

रानमेवा
घरचा डबा! मुलगी पब्लिक हेल्थ शिकते, पोळीभाजीचं महत्त्व कळायलाच हवं.

जुनंखोड
मामा किंवा मावशी हातभार लावणार असतील तर पैसे भाचीच्या खात्यात टाकण्यापेक्षा ट्यूशन थेट विद्यापीठाला भरा. थेट भरलेल्या ट्यूशनवर अमेरिकेत गिफ्ट टॅक्सची मर्यादाच नाही. राहण्या-खाण्यासाठी दिलेले पैसे मात्र वर्षाच्या १९,००० च्या मर्यादेत मोजले जातात. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) काही शिल्लक असेल तर ती ग्रॅडलाही चालते. बॅचलर्सला संपली नसेल तर बघा.

टीपकागद
मामाच आहे मी. सुटलो म्हणायचं की अडकलो, कळत नाही.

थालीपीठ
मामा, यावरून एक विचारतो. ताई-भाऊजींचं घर असेल तर होम इक्विटीवर, म्हणजे घर तारण ठेवून, पैसे काढून सगळं फेकायचं एकदम. दर कमी, डोक्याला ताप नाही.

हिशेबनीस
ताप आहे. एक, ते पैसे घराच्या कामाला वापरले नाहीत तर त्याच्या व्याजावर करवजावट नाही. दोन, दर बहुधा बदलता असतो. तीन, आणि हे महत्त्वाचं, फेडरल कर्ज विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर किंवा कायमच्या अपंगत्वानंतर रद्द होतं. होम इक्विटी रद्द होत नाही, तिच्यासाठी घर तारण असतं. चार, मुलीला नोकरी लागली नाही तर फेडरल हप्ता उत्पन्नाप्रमाणे दहा डॉलरवर येऊ शकतो. घराचा हप्ता तसा खाली येत नाही.

म्हणून क्रम असा. आधी फुकटचे पैसे, मग फेडरलचे २०,५०० पूर्ण, मग हप्त्यांची योजना, मग राज्य सरकारी किंवा खासगी कर्ज. घर सगळ्यात शेवटी.

थालीपीठ
'फेडरल पूर्ण' वर माझा आक्षेप आहे. २०२५-२६ चा दर ७.९४ टक्के आहे. उत्तम स्कोअर असलेले आईवडील जामीन राहिले तर खासगीवाले याहून कमी देतात. मग फेडरल कशाला?

हिशेबनीस
दर एवढाच निकष असेल तर तुमचं बरोबर असू शकतं. पण पब्लिक हेल्थवाले काउंटी, राज्य, ना-नफा हॉस्पिटलं इथे लागतात. तिथे पीएसएलएफ लागू होतं, म्हणजे सरकारी किंवा ५०१(सी)(३), म्हणजे ना-नफा, संस्थेत पूर्णवेळ नोकरी आणि १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ, आणि त्या माफीवर फेडरल टॅक्सही नाही. खासगी कर्जाला हे कधीच नाही. एकदा खासगी घेतलं की ते फेडरल करता येत नाही. उलटं मात्र केव्हाही जमतं, नोकरी खासगी कंपनीत लागली तर फेडरल कर्ज खासगीत रीफायनान्स करा, कोण अडवतंय.

जामीन राहणाऱ्या आईवडिलांच्या क्रेडिट रिपोर्टवरही ते पूर्ण कर्ज दिसतं. जामिनातून सुटका किती नियमित हप्त्यांनंतर मिळते हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. सही करण्याआधी तो परिच्छेद शोधून वाचा.

सदाफुली
राज्यांची स्वतःची कर्जंही बघा, बरीचशी स्थिर दराची असतात. न्यू जर्सीचं एनजेक्लास, मॅसॅच्युसेट्सचं मेफा, मिनेसोटाचं सेल्फ, ऱ्होड आयलंडचं रिस्ला. बहुतेकांना जामीनदार लागतो.

टीपकागद
ताईला सगळ्यात जास्त भीती परतफेडीची आहे. दोन वर्षांचे ४१,००० धरले तर महिन्याला किती पडेल?

अडाणी_आकडेमोड
पुढच्या वर्षाचा दर मे महिन्यातल्या दहा वर्षांच्या ट्रेझरी (सरकारी रोख्यांच्या) लिलावावर ठरतो, त्यात ३.६ मिळवतात, कमाल ९.५ टक्के. तोपर्यंत ७.९४ च धरू.

व्याज पैसे हातात आल्याच्या दिवसापासून सुरू होतं. पहिल्या वर्षाच्या २०,५०० वर रोज ४ डॉलर ४६ सेंट. चार हप्त्यांत पैसे आले, मे २०२८ ला पदवी, मग सहा महिन्यांची सवलत, असं धरून नोव्हेंबरपर्यंत साधारण ५,००० व्याज साठतं. शिकताना महिन्याला १५०-२०० भरत राहिलं तर ते बरंचसं मिटतं.

समजा व्याज मिटवलं आणि ४१,००० वर सुरुवात झाली. १ जुलै २०२६ नंतरच्या कर्जाला दोनच योजना आहेत.

पहिली, ठराविक हप्त्याची. मुदत मुद्दलावर ठरते. २५,००० च्या आत १० वर्षं, ५०,००० पर्यंत १५, एक लाखापर्यंत २०, त्यावर २५. म्हणजे हिला १५ वर्षं, हप्ता ३९० डॉलर, एकूण सुमारे ७०,३००. तेच कर्ज स्वतःहून दहा वर्षांत फेडलं तर महिन्याला ४९६, एकूण ५९,५०० च्या आसपास. मुदतीआधी फेडायला दंड नाही.

दुसरी, रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन, रॅप. कर विवरणपत्रातल्या एजीआयवर (ठराविक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) टक्केवारी. १० ते २० हजार उत्पन्नाला १ टक्का, पुढच्या प्रत्येक दहा हजारांना एकेक टक्का वाढत एक लाखाच्या वर १० टक्के. एका अवलंबित मुलामागे महिन्याला ५० डॉलर वजा. किमान हप्ता १० डॉलर. उत्पन्न ४५,००० असेल तर ४ टक्के, वर्षाला १,८००, महिन्याला १५०. त्या महिन्याचं व्याज साधारण २७१ होतं. वरचे १२१ सरकार सोडून देतं, आणि मुद्दलही ५० ने कमी होईल एवढी भर घालतं. तीस वर्षांनी उरलेलं माफ. हप्ता वेळेवर गेला तरच हे सगळं, म्हणून ऑटो-डेबिट लावा, त्याला दरात पाव टक्का सूटही आहे.

पाटीपेन्सिल
रॅपमध्ये एक खाच आहे, ती कोणी सांगत नाही. टक्केवारी पूर्ण उत्पन्नाला लागते, वरच्या तुकड्याला नाही. एजीआय ८०,००० असेल तर ७ टक्के, वर्षाला ५,६००. ८०,००१ झाला की ८ टक्के, ६,४००. एका डॉलरची पगारवाढ आणि महिन्याला ६७ डॉलरचा फटका. शिवाय या पायऱ्या महागाईप्रमाणे सरकत नाहीत. काठावर असाल तर डिसेंबरच्या आत पारंपरिक ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) किंवा एचएसएमध्ये थोडं जास्त टाकून एजीआय पायरीखाली आणायचा. रॉथमध्ये (कर भरलेल्या पैशाचं निवृत्तीचं खातं) टाकून उपयोग नाही, त्याने एजीआय कमी होत नाही.

रानमेवा
एचएसए म्हणजे? आणि लग्न झालेल्यांचं काय?

पाटीपेन्सिल
हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, औषधोपचारासाठीचं करसवलतीचं बचत खातं. जोडीने विवरणपत्र भरलं तर दोघांचा एजीआय धरतात, वेगवेगळं भरलं तर फक्त कर्जदाराचा. पण वेगवेगळं भरलं की विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची २,५०० पर्यंतची वजावट जाते आणि कर बहुधा वाढतो. दोन्ही प्रकारे विवरणपत्र काढून, वाढलेला कर आणि वाचलेला हप्ता समोरासमोर ठेवून ठरवायचं. दरवर्षी.

हिशेबनीस
यात पीएसएलएफ बसवून दाखवतो. काउंटी हेल्थ डिपार्टमेंट, एजीआय ५८,०००. रॅपचे ५ टक्के, महिन्याला २४२. उत्पन्न तेवढंच राहिलं असं धरलं तर दहा वर्षांत २९,००० भरले जातात, मुद्दल दरमहा ५० ने उतरून ३५,००० राहतं आणि ते माफ होतं. नोकरीचं प्रमाणपत्र दरवर्षी मालकाकडून सही करून पाठवायचं. दहा वर्षांनी एकदम गोळा करायला गेलात तर जुन्या ऑफिसातलं सही करणारं माणूस तिथे नसतं.

आणि बॅचलर्सचं जुनं कर्ज असेल तर ते नव्यात कन्सॉलिडेट, म्हणजे एकत्र, करायच्या फंदात पडू नका. १ जुलै २०२६ नंतरचं कन्सॉलिडेशन हेही नवं कर्ज धरलं जातं आणि परतफेडीच्या जुन्या योजनांचा हक्क त्याच्याबरोबर जातो. शिकताना अर्धवेळ नोंदणी असली की जुन्या कर्जाचे हप्ते आपोआप थांबतात, काही करावं लागत नाही.

कोकमसरबत
मधेच विषय सोडले तर?

सदाफुली
दोन वेगळे घोटाळे होतात. पूर्णवेळपेक्षा कमी विषय घेतले तर नव्या कायद्यात वर्षाची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते. नऊ क्रेडिट पूर्णवेळ असताना सहाच घेतले तर २०,५०० चे साधारण १३,६६७. नोकरी करत शिकणाऱ्यांनी हे आधी मोजावं. अर्धवेळच्याही खाली गेलात तर कर्जच नाही, आणि सहा महिन्यांचं घड्याळ सुरू.

पूर्ण टर्म सोडली तर वेगळं. टर्मचे ६० टक्के दिवस व्हायच्या आत सोडलं तर न 'कमावलेला' भाग सरकारला परत जातो. ११० दिवसांच्या टर्ममध्ये ३३ व्या दिवशी सोडलं, तर ३० टक्केच तुमचे. १०,१४२ मधले सुमारे ७,१०० परत, आणि विद्यापीठ मात्र ट्यूशन परताव्याच्या स्वतःच्या वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण बिल लावू शकतं. सोडायचंच असेल तर आधी एड ऑफिसला तारीख विचारून सोडा.

टीपकागद
ताई-भाऊजींना हे वाचून दाखवलं. विमा नाकारायचा, फेडरल पूर्ण घ्यायचं, ट्यूशनची तूट आईवडील हप्त्यांनी भरणार, ट्यूशनमधले काही मामा थेट भरणार. राहण्या-खाण्याचे वर्षाला सतराएक हजार अजून लोंबकळताहेत. त्याला खासगी कर्ज?

अडाणी_आकडेमोड
आत्ताच नको. आधी हे तीन. पहिलं, प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाला लेखी विचारा, दुसऱ्या वर्षी ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळते का आणि त्यात ट्यूशन माफ असते का. नुसत्या तासाच्या पगाराची असिस्टंटशिप आणि ट्यूशन माफीची असिस्टंटशिप यांत वर्षाला चाळीस हजारांचा फरक आहे. दुसरं, स्कॉलरशिप वाढवून मागा. दुसऱ्या विद्यापीठाची चांगली ऑफर असेल तर ती जोडा, प्लस बंद झाल्याने तूट किती राहते हे आकड्यात लिहा. विद्यापीठांनाही माहीत आहे की आता बाकीचं सरकार भरणार नाही. तिसरं, शनिवार-रविवारची किंवा कॅम्पसवरची नोकरी. नोकरी देणारा शिक्षण खर्च देत असेल तर वर्षाला ५,२५० पर्यंत करमुक्त.

एवढं करून उरेल तेवढंच खासगी, तेही एकेका टर्मपुरतं. दोन वर्षांचं एकदम काढू नका.

जुनंखोड
आणि मास्टर प्रॉमिसरी नोट (कर्जाचा करारनामा) व एंट्रन्स काउन्सेलिंग (कर्जाची ऑनलाइन माहिती) दोन्ही जुलैच्या मध्यापर्यंत उरकून टाका. दोन्ही स्टुडंटएडच्या साइटवर आहेत, अर्ध्या तासाचं काम. नोटमध्ये दोन ओळखीच्या माणसांचे पत्ते लागतात, दोघे एकाच घरात राहणारे चालत नाहीत.

टीपकागद
एक पत्ता मामाचा. दुसरा?

थालीपीठ
माझा देऊ का? फक्त कर्जाची पत्रं माझ्याकडे आली तर मी परत पाठवणार.

सदाफुली
मामा, गंमत बाजूला. ऑगस्टमध्ये पैसे आल्यावर लक्षात आलं की इतके लागणार नाहीत, तर पैसे आल्यापासून १२० दिवसांत जास्तीचे परत करता येतात. तेवढ्या भागावरचं व्याज आणि सुरुवातीची फी दोन्ही रद्द होतात. डिसेंबरच्या आत तिने एकदा बँकेतली शिल्लक बघावी आणि एड ऑफिसकडून परत करावेत. सर्व्हिसरकडे (हप्ते वसूल करणारी कंपनी) भरले तर साधा हप्ता म्हणून जमा होण्याची शक्यता असते, म्हणून 'कर्ज कमी करायचं आहे' असं लेखी लिहून द्या.